वीटभट्टीच्या मजुराचा धारणाधिकार

शासकीय सेवेतील माणसाला काही काळासाठी दुसऱ्या गावी पाठविले, तर त्याच्या मूळ पदावरील हक्क संपत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा नियमांत या हक्काला 'धारणाधिकार' असे नाव आहे. लिपिक प्रतिनियुक्तीवर जातो, शिक्षक निवडणुकीच्या कामाला जातो. परत येतो तेव्हा त्याचे पद, त्याची ज्येष्ठता आणि त्याचे वेतन जागच्या जागी असते. प्रवास भत्त्याच्या देयकावर मंजुरीपेक्षा हरकतीच अधिक निघतात, हे या लेखाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. परंतु भत्ता मागण्याचा हक्कच नाही, असे कोणी म्हणत नाही. या व्यवस्थेमागील तत्त्व साधे आहे. दुसऱ्याच्या गरजेपोटी माणूस कामासाठी घर सोडत असेल, तर घर सोडण्याचा खर्च काम घेणाऱ्याने सोसावा आणि जेथून तो गेला तेथील त्याची जागा राखली जावी.

हे तत्त्व कचेरीच्या उंबरठ्यापाशीच का थांबावे, असा प्रश्न रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांकडे पाहिले म्हणजे पडतो. दिवाळी सरली की येथील कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. उल्हास, पेज आणि पाताळगंगा यांच्या काठच्या वीटभट्ट्यांवर काही कुटुंबे जातात; काही पनवेल, कल्याण, भिवंडीकडे जातात; कोळसा पाडण्यासाठी जाणारी टोळी तर सोलापूरकडे किंवा थेट कर्नाटकातही उतरते. नवरा, बायको, पोरे, कोंबड्या आणि चार भांडी असा सारा संसार एका टेम्पोतून निघतो आणि मृगाच्या तोंडावर परततो. वर्षातील सहा-सात महिने हे लोक 'कामानिमित्त बाहेरगावी' असतात. फरक इतकाच, की त्यांना तेथे पाठविल्याचा आदेश कोठेही लिहिलेला नसतो.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याला 'श्रमाची गतिशीलता' म्हणतात. मजुरी जेथे अधिक तेथे मजूर जातो, असे आम्ही वर्गात शिकवितो आणि विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत उतरवितात. कातकऱ्याच्या जाण्यात मात्र मजुरीची तुलना फारशी नसते, कारण तो जाण्याचा निर्णय दिवाळीनंतर घेतच नाही. तो पावसाळ्यातच होऊन गेलेला असतो. आषाढ-श्रावणात घरातील धान्य संपते, शेतीचे काम थोड्या दिवसांचे असते, आजारपण येते, मुलीचे लग्न ठरते. अशा वेळी भट्टीमालक किंवा त्याचा मुकादम बयाणा देतो. त्या क्षणी पुढच्या हंगामाचे श्रम विकले जातात, आणि तेही ज्या महिन्यात विकणाऱ्याची गरज सर्वाधिक व भाव सर्वांत कमी, त्याच महिन्यात.

येथे कर्जाचा बाजार आणि श्रमाचा बाजार असे दोन बाजार एकाच व्यवहारात गुंतले आहेत. बयाण्यावर व्याज घेत नाही, असे मालक सांगतो आणि ते शब्दशः खरेही असते. समजा, एका जोडीने वीस हजार रुपये उचलले आणि हंगामात एक लाख विटा पाडल्या. बयाणा न घेतलेल्या मजुरापेक्षा तिला हजारी दर साठ रुपयांनी कमी मिळाला, तर सहा हजार रुपये गेले. वर्षही न भरलेल्या काळात हे तीस टक्के व्याज झाले. वहीत मात्र त्याचा उल्लेख नाही. आठवड्याला मिळते ती खर्ची, म्हणजे तेल-मीठ आणि तांदळापुरते पैसे. उरलेला हिशेब हंगामाच्या शेवटी. तो फिटला नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि तेच कुटुंब त्याच भट्टीवर पुन्हा उभे राहते. मजुरी जोडीची असते, त्यामुळे बाईचे नाव वहीत नसते; चिखलापासून साच्यापर्यंत हात मात्र तिचाही असतो. पोरे विटा उलट्यापालट्या करतात, ती तर कोणाच्याच हिशेबात नाहीत.

कायदा नाही असे नाही. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा 1976 चा आहे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर करून घेतलेले काम हे घटनेच्या 23 व्या अनुच्छेदातील सक्तीचे श्रम होत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सांगितले. कातकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत जवळचा कायदा होता तो 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा. ओरिसातील 'दादन' मजुरांच्या हालांमुळे तेथे 1975 साली असा एक कायदा झाला होता. त्या अनुभवातून केंद्राचा कायदा आला आणि 2 ऑक्टोबर 1980 पासून तो लागू झाला. त्यातील तरतुदी वाचताना सेवानियमांचीच आठवण होते. कंत्राटदाराने मजुराला छायाचित्रासह पासबुक द्यावे. घर सोडल्याबद्दल मासिक वेतनाच्या निम्मा किंवा 75 रुपये, यांपैकी जे अधिक असेल तितका विस्थापन भत्ता द्यावा. तो परत मागता येणार नाही आणि मजुरीतून वळता करता येणार नाही. जाण्या-येण्याचे भाडे द्यावे आणि प्रवासाचे दिवस कामावरचे मानावेत. राहण्याची जागा आणि औषधोपचार पुरवावेत.

एवढा विचार करणाऱ्या त्या कायद्याने एकच गोष्ट चुकीची मोजली. हे सारे हक्क राज्याची सीमा ओलांडणाऱ्यासाठीच होते. कर्जतचे कुटुंब कोळशासाठी कर्नाटकात गेले तर निदान कागदावर त्याला विस्थापन भत्ता होता. तेच कुटुंब शेकडो किलोमीटर दूर सोलापूरला किंवा शेजारच्या भिवंडीला गेले तर काहीच नव्हते. वस्तुतः मजुराचे घर सुटते ते त्याच्या वाडीच्या हद्दीवर, राज्याच्या हद्दीवर नव्हे. त्या कायद्याची जागा आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. चारही कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्या. नव्या संहितेने आंतरराज्य मजुराची व्याख्या थोडी रुंद केली, स्वतःहून परराज्यात गेलेल्यालाही तीत घेतले आणि जाण्या-येण्याच्या भाड्याची तरतूद ठेवली. विस्थापन भत्ता मात्र गेला. पूर्वी पाच आंतरराज्य मजूर असले की कायदा लागू होई. आता दहा लागतात. आणि सीमेची अट तशीच आहे. युरोपीय संघाने एका देशातून दुसऱ्या देशात तात्पुरत्या कामावर पाठविलेल्या कामगारांसाठी 1996 साली निर्देश काढला आणि 2018 साली तो कडक केला. प्रवासाचा व निवासाचा खर्च हा मजुरीचा भाग म्हणून दाखविता येणार नाही, असा आग्रह तेथे आहे. तिकडे प्रश्न देशांच्या सीमांचा आहे. आपल्याकडे तो तालुक्यांच्या सीमांचा आहे, म्हणून तो लहान ठरत नाही.

दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. वीटभट्टी लावायची तर माती लागते. माती हे गौण खनिज आहे. ती काढण्यासाठी तहसील कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि ब्रासवर स्वामित्वधन भरावे लागते; परंपरागत कुंभारांना 500 ब्रासपर्यंत त्यातून सूट आहे. याचा अर्थ असा, की कोणत्या गावात, कोणत्या गटनंबरात, कोणाची भट्टी आहे आणि तीत किती ब्रास माती जाणार आहे, हे शासनाच्या दप्तरात हंगामापूर्वीच लिहिलेले असते, किंवा असायला हवे. त्या मातीच्या विटा कोण पाडणार, याचा एक शब्दही त्या दप्तरात नसतो. मातीची परवानगी देताना मजुरांची यादी मागण्यात कोणती अडचण आहे? स्त्री-पुरुषांची स्वतंत्र नावे, मूळ वाडी, घेतलेला बयाणा, ठरलेला हजारी दर आणि बरोबर येणाऱ्या मुलांची इयत्ता, एवढे एका पानावर मावते. त्याची एक प्रत मजुराच्या हातात आणि एक त्याच्या मूळ ग्रामपंचायतीत गेली, म्हणजे 1979 च्या कायद्यातील पासबुकाचे बरेचसे काम झाले.

कर्जत व खालापूर हे दोन्ही तालुके कर्जतच्या एकाच प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागात येतात. वेठबिगारीच्या कायद्याप्रमाणे उपविभागावर दक्षता समिती असावी लागते. वाडी आणि जवळची भट्टी या दोहोंवर एकाच अधिकाऱ्याची नजर जाऊ शकेल, अशी रचना सर्वत्र नसते. येथे ती आयती आहे. भिवंडी-कल्याणकडे जाणाऱ्यांसाठी रायगड आणि ठाणे येथील जिल्हाधिकाऱ्यांना याद्यांची देवाणघेवाण करावी लागेल. त्यासाठी पत्रव्यवहाराखेरीज दुसरे काही लागत नाही.

भट्टीमालकांची बाजू ऐकली पाहिजे. येथील बहुतेक मालक काही कारखानदार नव्हेत. स्वतःच्या किंवा खंडाने घेतलेल्या जमिनीवर भट्टी लावणारे शेतकरी आहेत. अवकाळी पाऊस आला तर कच्च्या विटांचा चिखल होतो. बयाणा घेऊन मजूर दुसरीकडेच गेला, ही तक्रारही नेहमी ऐकू येते आणि ती सर्वस्वी खोटी नसते. परंतु तोंडी व्यवहाराने मालकाचेही संरक्षण होत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. वेतन संहितेने वेतनातील एकूण कपात निम्म्यावर मर्यादित केली आहे आणि महिन्याच्या महिन्याला वेतन देणे बंधनकारक केले आहे. उचल लेखी असेल, तर ती या मर्यादेत राहून हप्त्याने वसूल करता येते. हंगामाच्या अखेरपर्यंत मजुरी थकवून ठेवणे हाच मजूर टिकविण्याचा उपाय, अशी ज्यांची समजूत आहे त्यांच्याशी मात्र तडजोड होऊ शकत नाही. विटेचा भाव वाढेल, असेही म्हणतात. वाढू द्यावा. बदलापूरपासून नव्या मुंबईपर्यंत जी घरे उठली, त्यांच्या किमतीत विटेचा वाटा किती आणि विटेच्या किमतीत ती पाडणाऱ्याचा वाटा किती, हे गणित ज्याने कर्जाचा हप्ता भरला आहे त्याने एकदा स्वतःच करून पाहावे.

विखुरलेल्या मजुरांची नोंद अशक्य असते, हा आक्षेप महाराष्ट्राने तरी घेऊ नये. बाजारपेठांतील हमालांचा मालक आज एक, उद्या दुसरा. त्यांच्यासाठी याच राज्याने 1969 साली माथाडी कायदा केला, मंडळे स्थापिली, मालकांकडून मजुरीबरोबर आकार घेऊन त्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचाराची सोय केली. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी उसाच्या टनामागे रक्कम घेण्याचे तत्त्वही शासनाने मान्य केले आहे. टनाला जे चालते ते हजार विटांना का चालू नये? वसुलीचे ठिकाण तर ठरलेलेच आहे; स्वामित्वधन भरण्याची खिडकी.

हे झाले भट्टीवरच्या हक्कांचे. राखून ठेवलेल्या जागेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. शासकीय माणसाची खुर्ची राखली जाते. कातकऱ्याची कोणती जागा राखायची? पहिली जागा शब्दशः जागाच. अनेक वाड्या खाजगी मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही घराखालची जमीन राहणाऱ्याच्या नावावर नाही. जमिनीला फार्महाऊसचा भाव येऊ लागलेल्या या दोन तालुक्यांत सहा महिने बंद असलेल्या झोपड्यांकडे कुंपणवाल्याचे लक्ष आधी जाते. जमीन महसूल संहितेच्या 122 व्या कलमाखाली गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तो वापरून वाड्यांना गावठाण देण्याचे काम ज्या गतीने चालले आहे, तिचे वर्णन न केलेलेच बरे.

दुसरी जागा शाळेतली. ठाणे जिल्ह्यात विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने भट्ट्यांवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालविल्या आणि मूल जेथे असेल तेथे शाळा नेता येते, हे दाखवून दिले. शासनाने नंतर हंगामी वसतिगृहे काढली, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमीपत्रही आणले. तरीही फेब्रुवारीत हजेरीपटावर सलग गैरहजेरी आणि जूनमध्ये तेच नाव पुन्हा, हा अनुभव वाडीजवळच्या शाळेतील शिक्षकांना नवा नाही. ते नाव कमी न करणे हे त्या मुलाच्या धारणाधिकाराचेच रक्षण आहे, आणि ते बहुधा कोणत्याही परिपत्रकाशिवाय एखादा शिक्षक आपल्या जबाबदारीवर करीत असतो.

शिधापत्रिकेवर आता कोणत्याही दुकानात धान्य घेता येते, ही मोठीच सोय झाली. मात्र भट्टीवरच्या माणसाला दुकान उघडे असण्याच्या वेळी सुटी मिळाली पाहिजे.

आणखी एक नोंद जवळ आली आहे. 2025 साली निघालेल्या अधिसूचनेप्रमाणे येत्या जनगणनेचा संदर्भ-दिनांक 1 मार्च 2027 आहे आणि माणसांची मोजणी त्याआधीच्या फेब्रुवारीत व्हायची आहे. त्या महिन्यात वाड्यांच्या दारांना काटक्या लावलेल्या असतात आणि भट्ट्या ऐन भरात असतात. प्रगणक म्हणून जाणारे बहुसंख्य लोक शिक्षक आणि लिपिक असतील, आणि त्या कामाचे मानधन त्यांना मिळेल. कर्जत-खालापूरमध्ये ज्यांच्या वाट्याला हे काम येईल त्यांनी आपल्या विभागाच्या नकाशावर वाड्यांबरोबर भट्ट्याही आखून घ्याव्यात. भट्ट्यांची यादी तहसील कार्यालयात मिळेल. खनिकर्माच्या फाइलमध्ये, गटनंबरांसह.