हळहळ वाटली, पुढे काय?

रात्री वाहनाची धडक बसून रस्त्यावर पडलेला कोल्हा किंवा उदमांजर दिसले की जीव हळहळतो. या कणवेला माहितीची जोड मिळाली, तर ती त्या मुक्या जिवाच्या उपयोगी पडते.

अनेक निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे त्यांना अंधारात चांगले दिसते. मात्र, हेडलाइटच्या झोताने हेच डोळे दिपतात आणि प्राणी पळण्याऐवजी जागीच थबकू शकतो.

जखमी प्राण्याला कुरवाळू नये. त्याच्या लेखी माणूस म्हणजे शिकारीच. स्पर्शाने त्याची भीती वाढते. बळेच पाजलेले पाणी फुप्फुसात जाऊ शकते. अंतर राखावे, गर्दी व फोटो टाळावेत आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर नेमकी जागा कळवावी. प्राणी चावल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे. रेबीजची लस टाळू नये.

अपघात टाळणे ही त्याहून मोठी दया. पेंच परिसरात राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी ५ भुयारी मार्ग आणि ४ छोटे पूल बांधले आहेत. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी तेथून जाणाऱ्या, वाघासह १८ प्रजाती टिपल्या. प्रत्येक जंगलवाटेवर असे पूल होणार नाहीत. तेथे चालकाने वेग कमी करणे, हाच प्राण्यांसाठी पूल.