शेळीच्या दुधाचा साबण: कॉस्टिक, करडई आणि काही गैरसमज

जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. काळी, काटक, बऱ्याचदा जुळी देणारी. पाळतात ती मुख्यतः मटणासाठी. दूध दिवसाला अर्धा ते दीड लिटर, तेही चारेक महिने. या दुधापासून इथल्या काही गावांतल्या बायका साबण करतात, अशा बातम्या २०२१ च्या सुमारास आल्या. वाचून कुणालाही वाटेल, घरचं दूध, घरचं तेल, आपणही करून बघू. जरूर करावा. पण त्याआधी काही समज तपासून घेतलेले बरे.

पहिला समज म्हणजे ‘आमच्या साबणात कॉस्टिक नाही’. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातूनच वडीचा साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. कॉस्टिक घातलंच नाही, तर हाती राहतं ते दूध मिसळलेलं तेल. बाजारातला सोप बेस वितळवून साच्यात ओतणाऱ्यांना कॉस्टिक दिसत नाही, कारण ते काम कारखान्यात उरकलेलं असतं. प्रमाण बरोबर असेल, तर तयार वडीत कॉस्टिक उरत नाही, एवढं मात्र खरं. त्याच्या जागी खायचा सोडा चालत नाही. बाथ बॉम्बमध्ये तो सायट्रिक ॲसिडबरोबर फसफसतो, पण तेलाचा साबण करण्याइतका जोर त्याच्यात नाही.

खरा घोळ होतो तो प्रमाणात. आपला सगळा स्वयंपाक वाटी-चमच्यावर आणि अंदाजावर चालतो, आणि चांगला चालतो. इथे तो हिशेब उपयोगाचा नाही. डिजिटल काट्यावर ग्रॅममध्येच मोजायला हवं, कारण प्रत्येक तेलाला लागणारं कॉस्टिक वेगळं. एक ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा आणि करडईला सुमारे ०.१३६, एरंडेलाला ०.१२८.

समजा २०० ग्रॅम खोबरेल, २०० ग्रॅम शेंगदाणा, ५० ग्रॅम करडई आणि ५० ग्रॅम एरंडेल घेतलं. एकूण कॉस्टिक येतं ७७ ग्रॅम. त्यातून पाच टक्के कमी करून ७३ ग्रॅमच घालायचं, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि वडी कातडीला बोचत नाही. आता कुणी ‘खोबरेल महाग, आपल्याकडे करडईचं आहे’ म्हणून २०० ग्रॅम खोबरेलाऐवजी तेवढीच करडई ओतली आणि कॉस्टिक तेच ठेवलं, तर? गरज उरते साडेसदुसष्ट ग्रॅमची. साडेपाच ग्रॅम कॉस्टिक वडीत तसंच राहणार, आणि तो साबण अंगाला लावण्याच्या लायकीचा नाही.

करडई आपल्या मराठवाड्याची, त्यामुळे साबणातही तीच भरपूर असावी असं वाटणं साहजिक आहे. पण नेहमीच्या करडईच्या तेलाचा साबण मऊ पडतो आणि लवकर खवट होतो; वडीवर नारिंगी ठिपके दिसायला लागतात. दहा टक्क्यांपर्यंत ठीक.

दुधाबद्दलचा समज जास्त गोड आहे: ते त्वचेच्या सामूचं, म्हणून साबणही तसाच. दुधाचा सामू साडेसहाच्या आसपास, त्वचेचा पाचच्या. साबण मात्र दूध घातलं तरी नऊ-दहाच्या घरातच राहतो. वरच्या प्रमाणात दीडशे ग्रॅम दूध घेतलं, तर त्यातून स्निग्धांश येतो जेमतेम सहा ग्रॅम. दुधातल्या साखरेने फेस चांगला होतो, हा फायदा खरा. तीच साखर कॉस्टिकच्या उष्णतेने करपते. म्हणून दूध बर्फासारखं गोठवायचं आणि त्यावर कॉस्टिक थोडं थोडं टाकत ढवळायचं. कॉस्टिकवर दूध कधीच ओतायचं नाही. भांडं स्टीलचं. जर्मलच्या पातेल्यात कॉस्टिक पडलं, की ते पातेलं खातं आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, आणि पोरं घराबाहेर.

अंगावर उडालं तर लिंबू चोळतात, तेही चुकीचं. वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं. डोळ्यात गेलं, तर धुऊन लगेच दवाखाना. ‘सामू उतरावा’ म्हणून साबणात लिंबू पिळण्यालाही अर्थ नाही. रस कॉस्टिक खातो आणि सगळा हिशेब बिघडवतो.

हळद घातली की साबण पिवळाधमक होईल, ही अपेक्षा निदान तुळजापूरच्या जिल्ह्यात तरी कुणी ठेवू नये. हळदीला चुन्यासारखा अल्कली लागला की कुंकू होतं. साबणातही हळद तांबूस होते आणि उजेडाने फिकी पडते.

बोअरच्या जड पाण्यात फेस कमी आला, तर दोष साबणाचा नाही, पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा.

दुसऱ्या दिवशी वडी कापता येते, पण वापरायची चार ते सहा आठवडे हवेशीर जागी वाळवल्यावर. घरच्यापुरतं एवढं पुरे. विकायचा बेत असेल, तर ‘घरगुती आहे, परवाना कशाला’ हे चालत नाही. साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो आणि २०२० च्या नियमांनुसार विक्रीसाठी बनवायचा, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो.