शेजाऱ्यासारखा दात

दिवाळीच्या तोंडावर संपादकांनी मला पाठवलं ते ‘स्माइल मेकओव्हर’वर लिहायला. लग्नाआधी पुढचे आठ-दहा दात एकदम पांढरेशुभ्र करून घेणारी माणसं, त्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो, खर्चाचे आकडे. पुण्यातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दातांची लॅब आहे, तिथे त्यासाठीच गेलो होतो. लॅबमधल्या थोरल्या कारागिराने, सगळे त्यांना दादा म्हणतात, माझे प्रश्न ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "दहा दात एकदम करायला डोकं लागत नाही हो. सगळे एकमेकांसारखे केले की झालं. एकच पुढचा दात करायला सांगा, मग बघा."

मेकओव्हर तिथेच मागे पडला.

दादांचं काम व्हेनिअरचं. व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायची पोर्सेलीनची पातळ चकती. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, कधी त्याहून कमी. हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचा डॉक्टर नटनट्यांच्या दातांवर अशा चकत्या चित्रीकरणापुरत्या बसवत असे. कॅमेरा थांबला की त्या काढून ठेवायच्या. १९५५ साली ब्युनोकोर या दंतसंशोधकाने दाताचं एनॅमल आम्लाने खरखरीत केलं की त्यावर रेझिन घट्ट धरतं हे दाखवलं, आणि १९८३च्या सुमारास पोर्सेलीनची आतली बाजूही आम्लाने खरवडून चिकटवायची पद्धत आली. तेव्हापासून चकती टिकवण्याचा प्रश्न बराचसा सुटला. दिसण्याचा मात्र आहे तिथेच आहे.

दादांच्या टेबलावर शेड गाइड असतं. व्हिटा या जर्मन कंपनीचं, पट्टीला लावलेले सोळा खोटे दात. ए म्हणजे तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळा, सी करडा, डी तांबूस-करडा. त्यांनी ते माझ्या ओठाशी धरलं आणि पाच-सहा सेकंदांत बाजूला केलं. जास्त वेळ पाहिलं की डोळा दमतो आणि सगळंच जुळल्यासारखं वाटायला लागतं. मधूनमधून ते टेबलावरच्या करड्या कागदाकडे बघून डोळा धुऊन घेत होते. निकाल लागला : ए थ्री पॉइंट फाइव्ह. "चहा किती घेता?" मी विषय बदलला.

ए, बी, सी, डी असे ओळीने लावलेले हे दात दादा मात्र वेगळ्याच क्रमाने लावतात. उजळ ते गडद. त्या रांगेत डी-टू हा ए-टूच्याही आधी येतो. आधी उजळपणा जुळवायचा, रंग त्यानंतर, कारण रंगातली थोडी चूक शेजारच्या माणसाला कळत नाही, उजळपणातली चूक रस्त्यापलीकडून दिसते. शिवाय उजळ झालेला दात वरून रंग देऊन गडद करता येतो; गडद झालेला उजळ करू गेलं तर खडूसारखा दिसायला लागतो.

मला खिळवून ठेवलं ते पुढच्या कामाने. दाताच्या साच्यावर दादा पोर्सेलीनची पूड पाण्यात कालवून ब्रशने थर देतात, टिश्यू पेपरने पाणी टिपतात, पुन्हा थर देतात. आतला डेंटिनचा थर गुलाबी, कडेचा एनॅमलचा निळसर. मिठाईच्या दुकानातली वडी शोभावी असा तो दात. मी विचारलं, हे कसले रंग? "हे खरे नाहीत. कुठली पूड कुठे लावली ते आम्हाला कळावं म्हणून घातलेले. भट्टीत जळून जातात." म्हणजे ज्या माणसाचं सगळं काम रंग जुळवण्याचं, त्याला काम चालू असताना रंग दिसतच नाही! तो डोक्यात धरून ठेवायचा. त्यात पूड भाजली की आक्रसते, म्हणून दात हवा त्यापेक्षा मोठा रचायचा. भट्टी नऊशे अंशांच्या आसपास जाते, आतली हवा शोषून घेते, आणि दार खाली येतं तेव्हा पहिल्यांदा कळतं की काय केलं होतं.

मी गेलो तेव्हा हातात काम होतं ते यवतमाळकडच्या एका मुलाचं. मोटारसायकलवरून पडून पुढचा दात तुटलेला, रूट कॅनॉल झालेला, नंतर काळवंडलेला. अशा दातावर पातळ चकती लावली तर आतला काळेपणा डोकावतो. तो झाकायला अपारदर्शक थर दिला तर दातातली खोलीच जाते, भिंतीला चुना लावल्यासारखा दिसतो. शेजारचा दात आणखी अवघड. यवतमाळच्या बऱ्याच गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त. त्या दातावर पांढरे ढग होते, कडेला एक तपकिरी रेघ. दादांनी फोटो मोठा करून ढग मोजले. पाच. मग बारीक ब्रशने ते पाचही ढग नव्या दातात घातले, पण वरच्या थरात नाही, एक थर आत. "वर घातले तर चिकटवल्यासारखे दिसतात." ती रेघही ओढली. चांगल्या दाताला मुद्दाम डाग पाडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

एवढं करून काम हातातून निसटू शकतं. पिवळ्या दिव्याखाली जुळलेला दात खिडकीत वेगळा पडतो. चिकटवायच्या सिमेंटलाही स्वतःचा रंग असतो आणि अर्ध्या मिलिमीटरमधून तो दिसतो. पृष्ठभाग जास्त गुळगुळीत झाला तर प्रकाश वेगळा परततो आणि तोच रंग वेगळा भासतो. सगळ्यात मोठी खोड ओलाव्याची. दात लाळेने भिजलेले असतात. तोंड उघडं राहिलं की काही मिनिटांत वाळून पांढरट होतात. म्हणून शेड घ्यायची ती डॉक्टरने काही करायच्या आधी. पण दिवसभराच्या घाईत ती कधी घेतली जाते, हे लॅबमध्ये बसून कसं कळणार?

तो दात दोनदा परत आला. पहिल्यांदा कडा जास्त काचेसारखी झाली होती, दुसऱ्यांदा मुलाच्या आईला डाग नको होते. शेजारच्या दातावर आहेत हे आरशात दाखवल्यावर ती तयार झाली. तिसऱ्या खेपेला मी तिथेच होतो. दुपारी क्लिनिकचा फोन आला. चकती ग्लिसरीनसारख्या पेस्टवर नुसती लावून बघितली होती, आणि ती काळपट दिसत होती.

दादांनी हातातला ब्रश खाली ठेवला नाही.

"डॉक्टर, तोंड किती वेळ उघडं आहे त्याचं?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"पाऊण तास? मग आज काहीच ठरवू नका. चकती काढून ठेवा, पोराला जाऊ द्या. उद्या सकाळी बोलवा, आणि खुर्चीत बसवायच्या आधी खिडकीपाशी उभं करून बघा."