कुत्र्याच्या नाकाला काम द्या

आज बोलायचं आहे ते आपल्या दारात बांधलेल्या कुत्र्याबद्दल. बचत गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ते, शिलाई मशीन असं सगळं निघतं, आणि उठता उठता कुणीतरी म्हणतं, "आमचं कुत्रं दिवसभर भुंकतं बाई, शेजारणीशी भांडण व्हायची वेळ आली." आपल्या कुंभारीत हे प्रकरण साधं नाही. गोदूताई परुळेकर विडी घरकुलासारख्या १० हजार घरांच्या वसाहतीत भिंतीला भिंत लागून आहे. एका दारातलं कुत्रं भुंकलं तर चार घरांची झोप जाते. आणि सतत साखळीला असलेलं कुत्रं चिडकं झालं, तर गल्लीतल्या लेकरांना धोका असतो.

कुत्रं असं का वागतं? बहुतेक वेळा त्याला दिवसभर काही कामच नसतं. भाकरी मिळते, पाणी मिळतं, पण डोक्याला उद्योग नाही. हा उद्योग पैसे न घालता देता येतो, आणि तो त्याच्या नाकातूनच द्यायचा असतो.

माणूस डोळ्यांनी जग ओळखतो, कुत्रं नाकाने. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींच्या वर जातात. त्याचं नाक ओलं असतं, त्यामुळे हवेतले वासाचे कण त्याला चिकटतात. श्वास सोडताना हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून बाहेर जाते, म्हणून समोरून येणारा नवा वास पुसला जात नाही. आपल्याला कालवणाचा एकच वास येतो. कुत्र्याला त्यातली हळद वेगळी, तेल वेगळं, आणि फोडणी कुणाच्या हातची तेही कळतं म्हणा ना.

या नाकाचं मोल आपल्या महाराष्ट्राने पाहिलं आहे. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात झंजीर नावाचा लॅब्राडोर कुत्रा होता. तो पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला. १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्याने वासावरून ३ हजार किलोंहून जास्त स्फोटकं शोधून दिली. २००० साली तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. अशा कुत्र्याला शिकवताना मुळात एकच गोष्ट पक्की करतात : हा वास सापडला की बक्षीस मिळतं. कुत्र्याच्या लेखी तो खेळच असतो.

हाच खेळ घरच्या कुत्र्यांसाठीही आहे. अमेरिकेत २००६ पासून तो लोक हौसेने खेळतात, त्याच्या स्पर्धाही होतात. तिथे कुत्र्याला शोधायला देतात त्या वासांत एक आहे आपल्या डब्यातली लवंग. जात कुठलीही चालते. आपल्या भागातला कारवान कुत्रा नजरेवर धावणारा, पण नाक त्यालाही आहेच. गल्लीतलं गावठी कुत्रं तर या कामात फार हुशार.

आता कसं शिकवायचं ते बघू.

पहिले दोन दिवस मुठीचा खेळ. एका मुठीत भाकरीचा तुकडा धरायचा, दुसरी रिकामी. दोन्ही त्याच्यापुढे करायच्या. बरोबर मुठीला नाक लावलं की मूठ उघडून तुकडा द्यायचा. चुकला तर रागवायचं नाही, पुन्हा खेळायचं.

मग खोक्यांचा खेळ. किराणा दुकानातून तीन-चार रिकामी पुठ्ठ्याची खोकी आणा. पिना, टाचण्या काढून टाका. घरातल्या कुणीतरी कुत्र्याला धरावं, आणि तुम्ही एका खोक्यात भाकरी ठेवा. मग "शोध" म्हणून त्याला सोडा. बोट दाखवायचं नाही, खोक्याकडे ओढायचं नाही. सापडलं की त्याच खोक्यात आणखी एक तुकडा टाका. म्हणजे त्याला कळतं, नाकाने शोधलं तर जास्त मिळतं.

आठवडाभराने खोकी वाढवा, अंगणात पसरा, पायरीमागे ठेवा. ते जमलं की लवंग. छोट्या डबीच्या झाकणाला भोकं पाडा, आत तीन-चार लवंगा घालून झाकण घट्ट लावा. आधी डबीशेजारी भाकरी ठेवा. पुढे नुसती डबी लपवा आणि ती सापडल्यावर भाकरी हाताने द्या. लवंग कुत्र्याला खाऊ द्यायची नाही. लवंगेचं तेल तर वापरूच नका.

एका वेळी पाच मिनिटं पुरेत. त्याला अजून खेळायचं असतं तेव्हाच थांबायचं, म्हणजे उद्या तो आनंदाने येतो. सोलापूरचं ऊन आपल्याला माहीत आहे. उन्हाळ्यात खेळ सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर, आणि जवळ पाण्याचं भांडं.

याने खरंच फरक पडतो का? २०१९ साली दोन संशोधक बायांनी, शार्लोट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी, हे तपासलं. काही कुत्र्यांना दोन आठवडे वास शोधायला लावलं, काहींना नुसतं मालकाच्या पायाशी चालायला शिकवलं. सगळ्या कुत्र्यांना माहीत होतं की एका जागेच्या भांड्यात खाऊ असतो, दुसऱ्या जागेचं रिकामं असतं. मग भांडं मधल्याच जागी ठेवलं. वास शोधणारी कुत्री त्याच्याकडे पूर्वीपेक्षा लवकर गेली. म्हणजे काहीतरी चांगलं मिळेल अशी आशा त्यांच्यात वाढली होती. चालणाऱ्या कुत्र्यांत तसा फरक दिसला नाही.

आता सांभाळायच्या गोष्टी, कारण इथे हयगय चालत नाही. आपल्यातल्या कित्येकींच्या घरी विड्या वळल्या जातात. तंबाखू कुत्र्याच्या पोटात गेली तर विष आहे. सूप आणि तंबाखू उचलून ठेवल्याशिवाय खेळ सुरू करू नका. बेदाणे, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट बक्षीस म्हणून कधीच नको. बेदाणा आपल्या जिल्ह्यात घरोघरी असतो, म्हणून मुद्दाम सांगतो. खेळ घरात आणि अंगणातच खेळा. शेतात उंदराचं औषध टाकलेलं असतं, तिथे "शोध" म्हणायचं नाही.

एका वेळी एकच कुत्रं. लहान मूल असेल तर मोठं माणूस जवळ हवंच. तोंडातला घास मुलांनी ओढायचा नाही. जे कुत्रं आधीच अंगावर येतं, त्याला आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. खेळाने चावरेपणा जाईल असं धरून चालू नका.

आणि रेबीजची लस दरवर्षी. तरीही कुणाला चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद, तिखट, चुना लावत बसू नका. रेबीज एकदा अंगात भिनला की त्यावर इलाज नाही, पण वेळेवर घेतलेली लस जीव वाचवते.

या आठवड्यात मुठीचा खेळ करून बघा. कुत्रं शांत झालं का, भुंकणं कमी झालं का, ते पुढच्या बैठकीत सांगा. शेजारणीलाही बोलवा. ज्या कुत्र्यावरून भांडण होतं, त्याचा खेळ तिच्या लेकरांनीही लांबून बघावा.