कपाटातली जुनी व्हीएचएस कॅसेट मोबाईलवर कशी आणायची?

दिवाळीत साकोलीला आजीकडे गेलो होतो. कपाटात काकांच्या लग्नाची १९९१ ची व्हिडिओ कॅसेट सापडली. आजोबांचा आवाज आमच्याकडे फक्त त्यातच आहे. आजी म्हणाली, "लाव नं बाबू!" ओळखीतून एक बंद पडलेला व्हीसीआर आणला, कॅसेट टाकली, अन् टेप आत गुंतली. सुरुवातीची दोन मिनिटं गेली. माझी चूक तुम्ही करू नका.

आत नेमकं काय असतं?

अर्धा इंच रुंद प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर चुंबकीय कणांचा थर. चित्र म्हणजे त्या कणांची दिशा. व्हिडिओत माहिती आवाजापेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे टेप प्रचंड वेगात पळवावी लागली असती. १९५६ मध्ये अमेरिकेच्या अँपेक्स कंपनीने तोडगा काढला: टेप हळू चालवा, हेडच गरगर फिरवा. १९७६ मध्ये आलेल्या जेव्हीसीच्या व्हीएचएसमध्येही तेच तत्त्व. आपल्याकडच्या पाल पद्धतीत टेप सेकंदाला जेमतेम २.३ सेंटीमीटर सरकते, पण हेडचा ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या मारतो. एक फेरी म्हणजे एक फ्रेम.

घाई कशाला?

आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात टेपला बुरशी लागते. शिवाय जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. म्हणजे आता जुन्याच मशीन उरल्या आहेत.

काय करायचं?

१. खिडकीतून टेप बघा. पांढरे डाग दिसले तर अजिबात लावू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या. नाहीतर बुरशी हेडला आणि पुढच्या कॅसेटलाही लागते.
२. व्हीसीआर आधी बिनकामाच्या कॅसेटवर तपासा.
३. पिवळी, पांढरी, लाल वायर यूएसबी कॅप्चर कार्डला आणि कार्ड लॅपटॉपला जोडा. ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात.
४. फाईल दोन ठिकाणी ठेवा. मूळ कॅसेट फेकू नका.

आणि टेपला म्हातारी समजू नका बरं! मोठी डेटा सेंटर आजही टेपवर बॅकअप घेतात. एलटीओ-९ च्या एका कार्ट्रिजमध्ये १८ टीबी मावतात.

आमची उरलेली कॅसेट नंतर नीट उतरली. पंगतीत आजोबा "घ्या नं अजून" म्हणतात. आजीने तेवढंच चार वेळा लावायला सांगितलं.