मिठाचे बेट

व्हेनेझुएलाच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, कॅरिबियन समुद्रात, बोनेर नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे २८८ चौरस किलोमीटर. पाऊस वर्षाला जेमतेम वीस इंच. निवडुंग आणि काटेरी झुडपे यांचेच राज्य. सोने सापडले नाही म्हणून स्पॅनिश लोकांनी या भागातील बेटांवर ‘निरुपयोगी’ असा शेरा मारून ठेवला होता.

मग १६३६ साली डचांनी ते का घेतले? मिठासाठी. हेरिंग मासळी खारवून विकणे हा त्यांचा मोठा धंदा, आणि स्पेनशी युद्ध चालू असल्यामुळे नेहमीचे मीठ मिळेनासे झालेले. ज्या कोरडेपणामुळे तेथे ऊस होत नाही, त्याच कोरडेपणामुळे मीठ उत्तम पिकते. उरण-भाईंदरकडील मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना रीत सांगायला नको. ऊन आणि वारा पाणी आटवतात हे खरे. पण मिठाचे थर फोडणे, उपसणे, डोक्यावरून होडीपर्यंत वाहणे हे काही ऊन-वाऱ्याचे काम नव्हे! ते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी केले.

दक्षिण किनाऱ्यावर त्यांच्या दगडी झोपड्या अजून उभ्या आहेत. १८५० च्या सुमारास बांधलेल्या या झोपड्यांचे दार जेमतेम कमरेइतके. वाकल्यावाचून आत शिरता येत नाही. त्या फक्त रात्री पाठ टेकण्यापुरत्या. बिऱ्हाड रिंकॉन गावी. आठवड्यातून एकदा सात तासांची पायपीट करून माणसे घरी जात. मालक म्हणावा तर कोणी लोभी शेठ नव्हता, खुद्द सरकार होते. या लोकांना म्हणतच ‘राजाचे गुलाम’. १ जुलै १८६३ रोजी डच वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा भरपाई मिळाली ती खाजगी मालकांना. राबणाऱ्यांच्या हाती एक दमडी पडली नाही. डच सरकारची जाहीर माफी आली डिसेंबर २०२२ मध्ये.

आज प्रवासी जातात ते पोवळ्यांसाठी. भोवतालचा समुद्र १९७९ पासून राखीव आहे, आणि पाण्यात उतरणाऱ्यास तो खरोखर दृष्ट लागण्यासारखा दिसतो. मिठागरे चालूच आहेत. गुलाबी फ्लेमिंगो तेथे चरतात, मीठ यंत्राने जहाजात भरले जाते. जाणाऱ्याने पोहून झाल्यावर दक्षिणेची सडक धरावी, एखाद्या झोपडीत वाकून शिरावे, आणि मग रिंकॉनला जावे. मोटारीने तासाभराच्या आत पोहोचता येते.