विंडोज मारून द्या!

2002 साली पारनेरच्या एसटी स्टँडजवळ मी डीटीपीचं दुकान टाकलं, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम हा शब्द गिऱ्हाइकाला सोडाच, मलाही धड माहीत नव्हता. पुण्याच्या तपकीर गल्लीतून जुळवून आणलेल्या संगणकावर विंडोज 98 होती. ती मी निवडली नव्हती. लग्नपत्रिकांसाठी पेजमेकर आणि श्रीलिपी लागायची, आणि माझ्याकडची दोन्ही विंडोजवर चालणारी होती. म्हणजे माझी सिस्टीम फाँटने निवडली.

तालुक्याची निवड अभ्यासक्रमाने केली. सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र लागू लागलं आणि कॉलेजची पोरं, गुरुजी, ग्रामसेवक सगळे क्लासला बसले. क्लासमध्ये विंडोज आणि ऑफिस. तिथून ‘संगणक’ आणि ‘विंडोज’ हे एकाच वस्तूचे दोन शब्द झाले. यंत्र बिघडलं की लोक अजूनही एवढंच म्हणतात, “फॉरमॅट मारा आणि विंडोज मारून द्या.”

सिस्टीम-सिस्टीममधला फरक मला पहिल्यांदा भारनियमनाने शिकवला. 98 वर काम चालू असताना वीज गेली, की परत चालू करताना निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू व्हायचं, संगणक नीट बंद न केल्याचा ठपका आपल्यावर ठेवून. अर्धी पत्रिका गेलेली, वरपक्ष बाकावर बसलेला, आणि ती पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकतेय. पुढे एक्सपी टाकली, डिस्क एनटीएफएस केली. वीज जायची तेवढीच गेली, पण डिस्क सावरून घेऊ लागली.

एक्सपीने दुसरीही गोष्ट दिली, युनिकोड मराठी. श्रीलिपीतली फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. एक्सपीत मंगल फाँट होता, पण मराठी आपणहून चालू नसायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत टिचकी मारायची, मग ती मूळ सीडी मागायची. सीडी हरवलेली असायची. त्या चौकटीपायी कित्येक ऑफिसं पुढची चार-पाच वर्षं जुन्या फाँटवरच राहिली, असं माझं मत आहे.

लिनक्सशी गाठ पडली ती उबुंटूच्या सीडीमुळे. 2004 पासून 2011 पर्यंत त्या घरपोच फुकट येत. सीडीवरूनच चालवून बघायची सोय होती, व्हायरसची कटकट जवळजवळ नव्हती आणि मराठी पडदाही मिळत होता. 2007 साली कर्जतजवळच्या खैरातच्या शाळेत पोरांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले, त्यांच्यातही लिनक्सच होतं. मी जोशात एका संगणकावर उबुंटू टाकलं. माझ्या प्रिंटरने त्याच्याशी बोलायला साफ नकार दिला. प्रिंट न देणाऱ्या यंत्राचं डीटीपीवाल्याने करायचं काय? आठवड्यात परत विंडोज. चूक लिनक्सची नव्हती, मी प्रिंटर आधी तपासला नव्हता.

2014 च्या एप्रिलमध्ये एक्सपीचा सपोर्ट संपला. तोवर ऑनलाइन टेंडर आलं होतं, ठेकेदार खिशात डिजिटल सहीचं डोंगल घेऊन यायचे. ते चालायला ठरावीक ड्रायव्हर, ठरावीक जावा, इंटरनेट एक्सप्लोरर. सगळं जुळलेला एक संगणक मी देवासारखा जपला, त्यावर अपडेटसुद्धा करू दिलं नाही. हे चुकीचं, पण टेंडरची मुदत पाचला संपत असेल तर तुम्हीही तेच कराल. 2017 च्या जुलैत जीएसटी आला. त्याचं पोर्टल कुठल्याही सिस्टीमवर उघडतं, पण हिशेबाची टॅली विंडोजवरच. मॅकचं म्हणाल, तर आयफोनची अॅपं बनवणाऱ्याला तो घ्यावाच लागतो. दुकानाच्या हिशेबात तो कधी बसला नाही.

खरा उलथापालथीचा काळ आला तो खिशातून. 2021 च्या ऑगस्टपासून शेतकरी बांधावर उभा राहून फोनवर ई-पीक पाहणी करू लागला. ज्याने माउसला कधी हात लावला नाही, तो कांद्याच्या वाफ्याचा फोटो काढून सातबाऱ्यावर पीक लावतोय! अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे. मी आठवड्यात उचकटून टाकलेलं लिनक्स असं मागल्या दाराने तालुकाभर शिरलं, आणि कुणी मला ड्रायव्हर विचारला नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट संगणक घेऊन लोक विचारायला येतात. मी आता उलट विचारतो, काम काय? टॅली आणि डोंगल असेल तर मुकाट विंडोज 11 चालणारं यंत्र घ्या. पोराचा अभ्यास, अर्ज, यूट्यूब एवढंच असेल, तर भंगारात घालायच्या आधी यंत्र माझ्याकडे आणा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून दाखवतो, डिस्कला हात न लावता. आणि येताना प्रिंटरही घेऊन या.